विनापरवाना ताईगिरी

माणसाने आगीचा शोध लावला, चाकाचा लावला. पण ज्या दिवशी एका माणसाने दुसऱ्याचं बोट धरून त्याला पुढची वाट दाखवली, त्याच दिवशी खरी संस्कृती जन्माला आली.

हे वाक्य नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थिनी मंडळाच्या नव्या अध्यक्षाने हॉस्टेलच्या जेवणघरात, टेबलावर उभं राहून उच्चारलं. समोर तिन्ही वर्षांच्या मुली बसल्या होत्या. टाळ्या पडायच्या बेतात होत्या, तेवढ्यात जेवणघराच्या मावशी ओला फडका घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "संस्कृती जन्माला आली असेल तर खाली उतर. त्या टेबलावर माणसं जेवतात."

अध्यक्ष उतरली. योजना मात्र मंजूर झाली.

तिचं नाव ताई योजना. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुलीने पहिल्या वर्षाची एक मुलगी आपल्या पंखाखाली घ्यायची, तिला वॉर्ड दाखवायचा, काम दाखवायचं, आणि रडू आलं तर खांदा द्यायचा. अध्यक्षाने योजनेची घटनाही स्वतःच लिहिली होती. ताई तिसऱ्या वर्षाचीच असेल, असं एक कलम होतं. ताईला स्वतःला ताई नसेल, असं दुसरं होतं. नाहीतर ही साखळी वर वर जात थेट मेट्रनबाईंपर्यंत पोचली असती, आणि मेट्रनबाईंना ताई म्हणायची कोणाची छाती नव्हती. शेवटी एक परिशिष्ट होतं. ते कोणी वाचलं नाही, पण परिशिष्ट असलं की घटनेला वजन येतं.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, हे अध्यक्षाने भाषणात सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षाला असताना ती एका आजींना रोज चमच्याने भरवायची. आजी तिला "हळू गं, मला काय रेल्वे पकडायचीय का" म्हणायच्या. एका सकाळी ती वाटी घेऊन गेली, तर पलंगावर नवी चादर घातलेली, कोपरे ताठ, उशी फुगलेली. कोणी काही सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, दुसऱ्या कोणी सांगितलं असेल. मग ती कापडखोलीत गेली, घोंगड्यांच्या गठ्ठ्यांमागे बसली आणि दाराकडे बघत रडली. दार उघडेल आणि कोणीतरी येईल असं तिला वाटत होतं. दार उघडलंही. कापडखोलीच्या काकू आत आल्या, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उशीचे अभ्रे तुझ्या अंगाखाली आहेत का बघ."

तेव्हापासून तिच्या मनात एकच हाव होती. अशा एखाद्या दारातून आपण आत जायचं. आत कोणीतरी रडत असेल, आणि आपण तिच्याशेजारी बसायचं. अध्यक्षपद वगैरे सगळं नंतरचं.

कोणाच्या वाट्याला कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. मंडळाच्या चिटणिसाला जी मुलगी मिळाली तिचं नाव पहिल्याच आठवड्यात 'टाकी' पडलं, कारण तिचे डोळे सदैव काठोकाठ भरलेले असत आणि नळ कधी सुटेल याचा नेम नसे. कोणाला रक्त पाहून आडवी होणारी मिळाली, कोणाला थर्मामीटर उलटा वाचणारी. अध्यक्षाला मिळाली बारकी.

बारकी अंगाने एवढीशी होती. तिचा एप्रन तिला दोनदा गुंडाळला जाई. बघणाऱ्याला वाटावं, हिला आत्ता उचलून कडेवर घ्यावं. अध्यक्षाला तसंच वाटलं. पहिल्या संध्याकाळी ती बारकीच्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"काही अडचण?"

"नाही."

"घरची आठवण येते का?"

"येते."

"मग?" अध्यक्ष जराशी पुढे सरकली. खांदा तयार होता.

"मग येऊ देते, आणि कामाला लागते," बारकी म्हणाली. "तुम्ही चहा घेणार का?"

पुढचे दिवस अध्यक्षाला फार कठीण गेले. तिने बारकीला पलंग आवरायला शिकवलं, तर बारकीच्या चादरीचे कोपरे तिच्याहून ताठ निघाले. तिने रुग्णाला कुशीवर वळवायची रीत दाखवली. बारकीने तोवर रुग्णाला वळवून त्याच्या पाठीखाली उशीही दिली होती. पहिल्यांदा जखम धुवायची वेळ आली, तेव्हा अध्यक्ष बारकीच्या मागे दोन्ही हात पसरून उभी राहिली, म्हणजे चक्कर आली तर अलगद झेलता येईल. बारकीने रक्त पुसलं, बादली उचलली, मागे वळली आणि काळजीने विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? बसता का जरा?"

इकडे चिटणिसाची चैन होती. "काय सांगू तुला," ती रोज जेवताना म्हणे, "आज परत टाकी फुटली. हा बघ एप्रन. पिळला तर ग्लासभर निघेल. वैताग आलाय नुसता."

अध्यक्ष त्या ओल्या खांद्याकडे बघत राही. दुसऱ्या बाईच्या गळ्यातल्या दागिन्याकडे बघावं, तशी.

"तुझी बरी आहे," चिटणीस म्हणे. "तुला काही करावंच लागत नाही."

"हो ना," अध्यक्ष म्हणे आणि पाण्याचा घोट घेई. "फारच बरी आहे."

येता-जाता ती कापडखोलीच्या दाराला कान लावायची. कामाचा भाग म्हणून. आणि एका दुपारी, जेवणाची वेळ उलटून गेली असताना, आतून हुंदका ऐकू आला. सकाळीच बारकीच्या वॉर्डातले एक काका गेले होते. बारकीने त्यांना आठवडाभर आंघोळ घातली होती. अध्यक्षाच्या छातीत धडधडायला लागलं. कोणाच्या दुःखाने आनंद होणं वाईट, हे तिला कळत होतं. म्हणून तिने आनंद पुसून चेहरा नीट केला. केस सारखे केले. म्हणायचं वाक्य तर गेली दोन वर्षं पाठ होतं: 'रड तू, मी इथेच आहे.' तिने दार ढकललं.

आत पहिल्या वर्षाच्या मुली घोंगड्यांच्या गठ्ठ्यांवर कोंडाळं करून बसल्या होत्या. मधोमध बारकी. तिच्या डाव्या खांद्यावर टाकी गळत होती, उजव्या खांद्यावर ती रक्ताला आडवी होणारी टेकली होती, आणि थर्मामीटरवाली तिच्या पायाशी बसून नाक पुसत होती. अध्यक्षाला पाहताच सगळ्या खाडकन उभ्या राहिल्या.

"काही हवं होतं का तुम्हाला?" बारकीने विचारलं.

अध्यक्षाचं तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य कुठेतरी अडकलं.

"उशीचे अभ्रे," ती म्हणाली.

बारकीने मोजून अभ्रे काढून दिले, आणि दार नीट लावून घेतलं.

ही गोष्ट चिटणिसाच्या कानावर गेली तेव्हा ती भडकली. आपली टाकी दुसरीच्या खांद्यावर फुटते, हा तिला विश्वासघात वाटला. वैताग आला म्हणून काय झालं, टाकी तिची होती. तिने मंडळाकडे रीतसर तक्रार केली: पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी विनापरवाना ताईगिरी करते, सबब तिच्यावर कारवाई व्हावी.

सुनावणी कौशल्य-प्रयोगशाळेत झाली, कारण तेवढी एकच खोली रिकामी होती. एका बाजूला मंडळ बसलं, दुसऱ्या बाजूला सरावाचा रबरी रुग्ण पांघरूण घेऊन पडला होता, आणि त्याच्या पलंगाशी बारकी, टाकी आणि पहिल्या वर्षाच्या बाकीच्या मुली उभ्या होत्या. मंडळाच्या मार्गदर्शक ट्यूटरबाई कोपऱ्यात बसल्या. मुलींनी आपला कारभार आपण चालवावा अशा मताच्या त्या होत्या, म्हणून त्या बोलायच्या नाहीत. फक्त चेहऱ्याने कारभार चालवायच्या.

अध्यक्षापुढचा पेच असा होता. बारकी दोषी ठरली, तर घटनेप्रमाणे तिची ताई बदलणार, म्हणजे ती जाणार. निर्दोष ठरवायची, तर 'ताई तिसऱ्या वर्षाचीच' हे कलम बदलून तिला ताई करावं लागणार. आणि ताईला ताई नसते, म्हणजे तशीही ती जाणार. दोन्ही कलमं अध्यक्षानेच लिहिली होती, आणि ती लिहिताना स्वतःवर फार खूश झाली होती.

"तू यांना नेमकं काय शिकवतेस?" तिने बारकीला विचारलं.

"काही नाही."

"मग त्या तुझ्याकडे का येतात?"

बारकीने विचार केला. "मी नुसती बसते."

"आणि यांच्या ताया काय करतात?"

"त्या शिकवतात," बारकी आदराने म्हणाली.

टाकी फिसकन हसली आणि लगेच रडायला लागली. ट्यूटरबाईंच्या चेहऱ्याने खिडकीकडे बघितलं.

"शिकवणं हा गुन्हा आहे का?" चिटणीस उसळली. "मी हिला कॅथेटरची निगा शिकवली, औषधांचे डोस शिकवले—"

"ते सगळं येतं मला ताई," टाकी हुंदके देत म्हणाली. "पण तुम्ही मी रडायला लागले की घड्याळ बघता."

चिटणिसाने घड्याळाचा हात पाठीमागे घेतला.

"तुला हे कोणी शिकवलं?" अध्यक्षाने बारकीला विचारलं. हा प्रश्न सुनावणीचा नव्हता.

"घरी माझ्या पाठची तिघं आहेत. आई बरेच दिवस अंथरुणाला होती." बारकीने पांघरुणातल्या रबरी रुग्णाकडे पाहिलं आणि त्याची घसरलेली चादर सहज नीट केली. "कोणीतरी बसायला लागायचं."

"आणि तू कोणाशेजारी जाऊन बसतेस?"

बारकीला हा प्रश्न कळला नाही असं वाटलं. परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचं काही आलं की मुली बघतात, तसं तिने बघितलं. मग म्हणाली, "मी मोठी आहे ना."

मतदान झालं. कलम बदलायच्या बाजूने निम्मे हात, विरोधात निम्मे. सगळ्या अध्यक्षाकडे बघायला लागल्या. तिला निर्णायक मत होतं. तेही तिनेच घटनेत घातलं होतं. हात वर केला की ही मुलगी आपली राहणार नाही, आणि खाली ठेवला की आपलीही नाही आणि त्या कापडखोलीतल्या पोरींचीही नाही. तिने हात वर केला. जरा जास्तच वर, म्हणजे पुन्हा खाली घ्यायला वेळ लागावा.

"ताई कोणत्याही वर्षाची असू शकेल," तिने वाचून दाखवलं. आवाज चांगला निघाला.

"याला नेतृत्व म्हणतात," ट्यूटरबाई म्हणाल्या. वर्षभरातलं त्यांचं ते पहिलंच वाक्य. टाळ्या पडल्या. बारकीच्या भोवती कोंडाळं झालं आणि ते तसंच दाराबाहेर गेलं. खोलीत अध्यक्ष, चिटणीस आणि रबरी रुग्ण उरले.

"सुटलीस," चिटणीस खुर्च्या लावत म्हणाली. "आता तुझ्यामागे कोणी नाही. मोकळी झालीस."

"हो ना," अध्यक्ष म्हणाली. "मोकळी."

चिटणिसाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग एक खुर्ची परत ओढली आणि तिच्याशेजारी बसली. घड्याळाकडे तिने पाहिलं नाही. पण ते न पाहायला तिला किती कष्ट पडतायत, हे स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात सिस्टरनी हाक मारली. पायाच्या जखमेवाल्या आजोबांचं ड्रेसिंग बारकी करणार होती, निर्जंतुक हातमोजे घालून, पहिल्यांदाच; आणि तिसऱ्या वर्षाची कोणीतरी बाजूला उभी हवी होती. "तू थांब," सिस्टर अध्यक्षाला म्हणाल्या. "हात लावू नकोस. नुसती उभी राहा."

अध्यक्ष नुसती उभी राहिली.

"एका पायाला दोघी?" आजोबा म्हणाले. "मंत्री झालो की काय मी?"

"हलू नका आजोबा," बारकी मास्कमधून म्हणाली. तिने मोजे चढवले, हात छातीपुढे धरले, कशालाही लागणार नाहीत असे. चिमट्याने जुनी पट्टी काढली, जखम आतून बाहेर पुसली. एकही चूक नाही. अध्यक्षाने मनातल्या मनात एक चूक शोधून पाहिली, सापडली नाही. आता हिला शिकवायला आपल्याकडे काहीच नाही, आणि तसं कागदावरही झालंय, असा विचार करत ती खिडकीच्या गजांकडे बघत राहिली.

मग बारकी थांबली.

हात हवेत, चिमटा हवेत. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मास्कवरचा चेहरा एकदम लहान दिसायला लागला. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सिस्टर लांब होत्या. आजोबांनीही तिच्याकडे बघून मान खाली घातली. शेवटी ती अध्यक्षाकडे वळली, आणि आजवर कधी काढला नव्हता तसा बारीक आवाज काढला.

"ताई..."

अध्यक्ष एका पावलात तिच्याजवळ पोचली. ते वाक्य ओठांवर आलं होतं, खांदा पुढे झाला होता.

"बोल ना गं," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

"ताई, जरा नाक खाजव ना. मास्कवरूनच. डावीकडे... अजून जरा वर."