एका पुंगळीत दोनदा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. धान्याचा नव्हे, सोन्याचाही नव्हे. मी बंदुकीची दारू तोलतो. मोंटानातल्या एका गॅरेजात, ऑर्व्हल टॅनबर्गच्या बाकावर माझे आयुष्य गेले.

ऑर्व्हल पिस्तुलाची काडतुसे घरी भरत असे. त्याची बायको मार्लिस ती नेमबाजीच्या सामन्यांत वापरी, आणि त्याच हातांनी रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवी. झपाट्याने जळणाऱ्या दारूची चिमूट काडतुसाच्या पितळी नळीचा, म्हणजे पुंगळीचा, तळ जेमतेम झाकते. चुकून दुसरी पडली तरी काही सांडत नाही. फुटते ते पिस्तूल. म्हणून ऑर्व्हलची शिस्त कडक होती. दारूच्या मापांच्या छापील तक्त्यातल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करायची. थोडी काडतुसे झाडून, पुंगळ्या निरखून, मगच केसभर वाढवायचे, तेही तक्त्याच्या मर्यादेत. बाकावर दारूचा एकच डबा. काम मध्येच थांबले, तर भरलेल्या सर्व पुंगळ्या रिकाम्या करायच्या. गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येकीत विजेरी मारून पाहायचे.

"सोनं तोलतोयस का रे, म्हाताऱ्या?" शेजारचा डेल चिडवी.

"सोनं चुकलं तर खिसा रिकामा होतो, डेल. हे चुकलं तर बाही."

एका शनिवारी दुपारी सामना होता. डेल शिकारीच्या फुशारक्या मारत आला. ऑर्व्हल हसला, बोलला आणि पुन्हा कामाला लागला. पुंगळ्या त्याने रिकाम्या केल्या नाहीत. नुकतीच भरलेली पुंगळी पुन्हा भरली गेली. मी वजन अचूक दाखवले. पण मला पारड्यातले कळते, पुंगळीतले नाही.

त्याने विजेरी उचलली, तोच बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

"अरे, बक्षिसं वाटून झाल्यावर पोचायचंय का?" मार्लिस ओरडली.

"आलो गं बाई, आलो!"

विजेरी तशीच खाली ठेवून त्याने भराभर गोळ्या बसवल्या.

संध्याकाळी तो डेलबरोबर परतला. बाहीवर रक्त वाळले होते. पिस्तूल मार्लिसच्या हातातच फुटले होते. उरलेले प्रत्येक काडतूस उघडून त्याने दारू माझ्या पारड्यात ओतली. दरवेळी मी योग्य खुणेवरच थांबलो.

"बाकीची सगळी बरोबर आहेत," तो म्हणाला.

पट्ट्या सुटल्यावर मार्लिस गॅरेजात आली. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढेच उरले होते.

"आत बघितलं नव्हतंस?"

"घाई केली मी," ऑर्व्हल म्हणाला. भोंग्याविषयी त्याने चकार शब्द काढला नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण बाहेर कोणी कितीही भोंगा वाजवो, पुंगळीत डोकावल्याशिवाय उठू नका.