जावयाचा शब्द

प्रतापची झिप पाठीच्या बरोबर मध्यावर अडकली, आणि ती वर ओढायला त्या अख्ख्या कार पार्कमध्ये सासूबाईंशिवाय कोणी नव्हतं. गाइड ब्रॉन दूर व्हॅनपाशी दोर मोजत होती. प्रतापने हात मागे नेऊन पाहिला, गुडघ्यात वाकून पाहिलं, एक उडीही मारून पाहिली.

"इकडे वळा, प्रतापराव," शोभाताई म्हणाल्या. "श्वास आत घ्या. अजून. पोटसुद्धा आत घ्या."

एका हिसक्यात झिप मानेपर्यंत गेली. गेल्या वीस महिन्यांत सिडनीतल्या केलीव्हिलच्या त्या घरात दोघं एकमेकांच्या इतके जवळ कधी आले नव्हते. वेटसूट घातलेला जावई आणि वेटसूट घातलेली सासू समोरासमोर उभे राहिल्यावर नजर कुठे ठेवायची, याची रीत कुठल्याच घराण्यात ठरलेली नाही. दोघांनीही झाडांकडे बघितलं. निलगिरीची झाडं होती. त्यांत बघण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण दोघांनी ती बराच वेळ बघितली.

ब्रॉनने फोनवर दोघांची लसीची सर्टिफिकेटं तपासली, मग फॉर्म वाचला.

"सिक्स्टी-टू? गुड ऑन या, शोबा! कॅन यू स्विम?"

"येस," शोभाताई म्हणाल्या, आणि विचारणाऱ्याचीही चौकशी करावी म्हणून, "यू?"

शोभाताई ठाण्याच्या तरणतलावावर तीस वर्षं शिकवत होत्या. प्रतापला हे माहीत होतं, म्हणजे एखाद्याचं बी.कॉम. झालेलं आपल्याला माहीत असतं तसं. त्याचा स्वतःचा अभ्यास मात्र सखोल होता. चाळिशीला आल्प्समध्ये जाऊन घळीच्या घळी उतरायच्या, असा त्याचा २०१९ पासूनचा बेत होता. आधी ओवी झाली, मग जग बंद झालं. लॉकडाऊनमध्ये त्याने ऑस्ट्रियातल्या आणि स्वित्झर्लंडमधल्या घळींचे दोनशेच्या वर व्हिडिओ पाहिले. दोराच्या गाठी, पाण्याचा वेग, उडी मारताना कोपर कुठे ठेवायचं, सगळं त्याला येत होतं. पोहणं जेमतेम येत होतं. शेवटी एक्केचाळिसाव्या वाढदिवसाला ऑफिसच्या लोकांनी ब्लू माउंटन्समधल्या एका घळीचं दोघांचं व्हाउचर दिलं. आल्प्स नाही तर नाही, घरापासून सव्वा तासावर.

दोघं म्हणजे तो आणि लीना. पण लीनाने आयत्या वेळी पाठदुखी काढली. पाठ दुखत नव्हती. तिला तिसरा महिना होता, आणि ही गोष्ट तिला व प्रतापला सोडून कोणालाही माहीत नव्हती.

"आईला घेऊन जा," सकाळी गॅरेजच्या दारात ओवीला कडेवर घेऊन लीना म्हणाली होती. "खूश होईल. आणि खूश असतानाच विचार. ऑगस्टपर्यंत थांब म्हणावं."

"तू विचार ना. तुझी आई आहे."

"म्हणून तर. मला सरळ नाही म्हणेल. तुझा शब्द ती मोडणार नाही."

यात खोटं काही नव्हतं. शोभाताई फेब्रुवारी २०२० मध्ये लीनाच्या बाळंतपणाला आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. मग विमानं बंद झाली. ती थोडीफार सुरू झाली तेव्हा लीनाची रजा संपत आली होती. त्यानंतर भारतात दुसरी लाट आली. तिन्ही वेळा "आई, थोडं थांबा" हे प्रताप म्हणाला होता, आणि तिन्ही वेळा शोभाताईंनी टी-शर्टच्या खांद्यावरचा नसलेला पदर सारखा करून "बरं" म्हटलं होतं. पहिल्या वर्षीच्या अधिक महिन्यात त्यांनी त्याला तेहेतीस अनारसेही दिले होते, मोजून, चांदीच्या वाटीसकट. अशा बाईला चौथ्यांदा थांबवणं अवघड नव्हतं. फक्त तोंड उघडायचं होतं. गुरुवारचं तिकीट आपोआप रद्द होणार होतं.

चाळीस मिनिटं पायऱ्या उतरल्यावर ओढा लागला आणि थोड्या वेळाने तो ओढा जमिनीत शिरला. दोन्हीकडचे कातळ जवळ आले, आभाळाची पट्टी झाली. जिथे पाऊलवाट संपली तिथे खाली काळा डोह होता.

"फोर मीटर्स," ब्रॉन म्हणाली. "एकदा उडी मारली की परत फिरायला वाट नाही. दुसऱ्या टोकानेच बाहेर. ऑल गुड?"

प्रतापने मान हलवली आणि सासूबाईंना समजावून सांगायला सुरुवात केली. "आई, हात छातीशी घ्यायचे, गुडघे किंचित वाकवायचे, आणि पाण्यात शिरताना..."

"खोल किती?" शोभाताईंनी ब्रॉनला विचारलं.

"प्लेंटी."

त्यांनी चष्मा काढून ब्रॉनच्या हातात दिला, काठावर पावलं जुळवली आणि तिथून नाहीशा झाल्या. पाण्याचा आवाज फारसा झालाच नाही. वर्तुळं उठली, कातळाला लागून परतली. प्रताप वाकून बघत राहिला. पाच सेकंद. आठ सेकंद. 'लीना, त्याचं असं झालं की' इथपर्यंत त्याची मनातल्या मनात जुळवाजुळव झाली होती, तेवढ्यात डोहाच्या पार त्या टोकाला डोकं वर आलं.

"थंऽऽड आहे!" शोभाताई ओरडल्या. आनंदाची बातमी द्यावी तशा. आणि हसल्या. घळीत ते हसणं इकडून तिकडे आपटत गेलं. वीस महिन्यांत हा आवाज घरात कोणी ऐकला नव्हता. प्रतापला वाटलं, हे हसणं इतके दिवस ठेवलं कुठे होतं यांनी?

मग त्याने उडी मारली. कोपरं अगदी व्हिडिओतल्यासारखी होती. बाकी सगळं पाण्याने ठरवलं. नाकातोंडात पाणी, कानात घंटा, वर कुठे आणि खाली कुठे याचा पत्ता नाही. कोणीतरी त्याला मानेमागून पकडलं.

"पाय मार! अरे सायकल काय चालवतोयस, पाय मार! तोंड मिट! मान टाक मागे, मी धरलंय तुला. हं, अस्सं. आता सोड हात. सोड म्हणते ना!"

त्याने हात सोडला. तरंगला. डोळे उघडले तर वर कातळाच्या फटीत नेच्यांची हिरवी झालर आणि त्यातून खाली येणारं ऊन.

"सॉरी हं, प्रतापराव," शेजारून आवाज आला. "सवयीने बोलून गेले."

"नाही नाही, आई. चालेल." त्याच्या नाकातून पाणी आलं. "चालू द्या."

पुढचे दोन तास त्याच्या आयुष्यातले सर्वांत वेगवान होते. कातळाच्या घसरगुंडीवरून बसून जायचं, डोळे मिटायच्या आत पुढच्या डोहात. मग पोहायचं. मग पाण्याने कातून गुळगुळीत केलेल्या भिंतींमधून एकेक खांदा तिरपा करून सरकायचं. शोभाताई सगळ्यांत पुढे. एका ठिकाणी त्यांनी पाण्यातून निळसर नांग्यांचा एक झिंगा उचलला, त्याच्याशी नजरानजर केली आणि परत सोडला. "याला इथे काय म्हणतात?" "यॅबी," ब्रॉन म्हणाली. "छान आहे. भाव काय?" ब्रॉनला तो प्रश्न कळला नाही, पण ती खूप हसली. दुसऱ्या उडीला प्रताप स्वतःहून पुढे झाला. तिसऱ्या उडीला तर त्याच्या तोंडून अशी आरोळी निघाली की ती आपलीच आहे हे त्याला उशिरा कळलं.

एका रुंद डोहात ब्रॉन थांबली. तिने आणि प्रतापने खडकावर बसून फ्लास्कमधला चहा प्यायला. शोभाताई मात्र पाण्यातच उताण्या पडल्या होत्या.

"एवढं येतं तुम्हाला," प्रताप म्हणाला, "मग इतके दिवस पोहलात का नाही? पूल पाच मिनिटांवर आहे."

"कॉस्च्यूम आणलाय की मी. पण वाळत कुठे घालणार? तुमच्यासमोर?"

प्रतापच्या डोळ्यांसमोर मागच्या अंगणातली ती गोल फिरणारी दोरी आली. तिच्यावर घरातल्या सगळ्या चादरी एका वेळी वाळायच्या.

"आमचा तलाव उघडतोय एक तारखेला," शोभाताई आभाळाच्या पट्टीकडे बघत म्हणाल्या. "बायकांची बॅच, सकाळी सहाची. त्यात एक रेखा म्हणून आहे. अठ्ठावन्न वर्षांची. पाण्याला इतकी घाबरायची, सहा महिने नुसती पायरीवर बसली. मी निघायच्या आदल्या दिवशी तिने पहिल्यांदा काठ सोडला. तीन सेकंद! रडली हो अक्षरशः. मी म्हटलं, आता तीन महिन्यांत येतेच, मग पुढचं बघू." त्यांनी एक पाय हळूच मारला. "दुसऱ्या कोणाच्या हाताखाली जायला तयार नाही. वीस महिने बाई त्या तीन सेकंदांवर आहे."

प्रताप चहाच्या कपाकडे बघत राहिला.

"तुम्हाला काही बोलायचं होतं का? सकाळपासून घसा खाकरताय."

"पाणी गेलंय," प्रताप म्हणाला.

शेवटी घळ अचानक संपली. म्हणजे तळच संपला. ओढा कड्यावरून खाली पडत होता आणि खालून नुसता धुरळ्यासारखा तुषार वर येत होता. तीस मीटर. दोराला लटकून धबधब्याच्या कडेकडेने उतरायचं.

"हूज फर्स्ट?"

प्रताप पुढे झाला. ब्रॉनने त्याला दोरात अडकवलं, सगळं दोनदा ओढून पाहिलं. तो कड्याकडे पाठ करून उभा राहिला, मागे झुकला, आणि तिथेच थांबला. पाय हलेनात. समोर, दोन हातांवर, शोभाताई हार्नेसच्या साखळीने कातळाला बांधलेल्या उभ्या. केस कपाळाला चिकटलेले, ओठ निळे पडलेले, आणि नजर एखाद्या शाळकरी मुलीने पाळण्यात बसायच्या रांगेत उभं राहावं तशी.

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "प्रतापराव, सांगून टाका काय असेल ते. मन हलकं केल्याशिवाय माणूस उतरत नाही. तुमच्या शब्दाला मी नाही म्हटलंय का कधी?"

हे खरं होतं. आत्ता एक वाक्य टाकलं असतं तर काम झालं असतं. लीनाने इतकी सोयीची वेळ कल्पनेतसुद्धा आणली नसती. शोभाताईंचा उजवा हात आधीच खांद्याकडे निघाला होता, जिथे वेटसूटला पदर नव्हता.

प्रतापने दोन वेळा तोंड उघडलं.

"आई," तो म्हणाला, "तुम्ही आधी उतरता का?"

त्यांचा हात वाटेतच थांबला. आणि पुढच्याच क्षणी त्या स्वतःची साखळी सोडवून घ्यायला ब्रॉनकडे वळल्या. वेळ न घालवता. ब्रॉनने प्रतापला दोरातून सोडवून बाजूला घेतलं.

त्या उतरल्या नाहीत, चालत गेल्या. उभ्या कातळावर, पाठीमागे नुसती पोकळी असताना, मागे झुकून एकेक पाऊल टाकत. मध्येच धबधब्यात हात घालून पाहिला. शेवटचे दोन-तीन मीटर त्यांना फारच हळू वाटले असावेत, कारण त्यांनी दोर भराभर सोडला आणि त्या पाठीवर डोहात पडल्या. खालून आरोळी आली. प्रतापने ती ऐकली आणि त्याचेही पाय निघाले. पाणी अंगावर कोसळत होतं, तो मोठमोठ्याने हसत होता, आणि तीस मीटर कधी संपले ते त्याला कळलं नाही.

बाहेर येताना सहाशे पायऱ्या चढाव्या लागल्या. त्यांबद्दल कोणताच व्हिडिओ नव्हता.

गावातून हॉट चिप्सचा मोठा पुडा घेऊन दोघं हायवेला लागले. शोभाताई सीटवर टॉवेल टाकून बसल्या होत्या आणि हातवारे करून दुसरी उडी पुन्हा सांगत होत्या. प्रताप मधेच तिसरी सांगत होता. रेंज आली तसा फोन वाजला आणि गाडीने तो आपणहून उचलला.

"किती वेळ, अरे!" लीनाचा आवाज चारही स्पीकरमधून भरून आला. "विचारलंस का? थांबतेय ना ती?"

शोभाताईंच्या हातातली चिप हवेतच राहिली. प्रतापने रस्त्यावरची नजर काढली नाही. पुढे एक ट्रक होता. त्याने आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, ट्रकला मागे टाकलं, परत डाव्या लेनमध्ये आला.

"विचारलं," तो म्हणाला. "नाही म्हणाल्या."

"नाही? तुला?"

"स्पष्ट."

शोभाताईंनी ती चिप खाल्ली. सावकाश. बोटं पुसली.

"लीना, ऐकतेय मी."

"आई!"

"दोनदा विचारलं त्यांनी, बिचाऱ्यांनी. दोन्ही वेळा नाहीच म्हटलं मी. त्यांना काही बोलू नकोस." त्या पुढे वाकून, लीना डॅशबोर्डमध्ये बसली आहे अशा बेताने म्हणाल्या, "आणि ओवीला कडेवर घेऊन जिना चढत जाऊ नकोस. चौथा लागेपर्यंत तरी."

पलीकडे मागे ओवी कोणाला तरी "नो, माइन!" म्हणून खडसावत होती.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तीन आठवडे झाले, मी फोडणी घातली की तू अंगणात जाऊन उभी राहतेस. अंगणात आहे काय एवढं?"

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"तू बोललीस?" शोभाताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "एप्रिलमध्ये येते परत. माझी मी तिकीट काढून. चार महिने राहीन. आता ठेव फोन, हे गाडी चालवतायत."

फोन बंद झाला. डोंगर मागे पडत होते, दूर खाली शहराची सपाटी दिसायला लागली होती. प्रतापने एकदा घसा खाकरला, पण तो खरोखरच पाण्याने बसला होता.

शोभाताई खिडकीबाहेर बघत एकेक चिप खात राहिल्या, लांब लांब, कुरकुरीत बघून. पुड्याच्या तळाशी गार झालेले, मोडके पाच-सहा तुकडे उरले, तेव्हा त्यांनी पुडा जावयापुढे धरला.