पाठीवरच्या सतरा रेघा

मित्रांनो, मी एक जुनं, चावीचं मनगटी घड्याळ आहे. सोनईच्या आबासाहेबांच्या काचेच्या कपाटात मखमलीवर पडून असतो. माझ्यासारखी आणखी एकतीस महागडी घड्याळं इथे आहेत. आबासाहेब अत्तर लावलेल्या रुमालानं आम्हाला पुसतात, पाहुण्यांना किंमत ऐकवतात आणि कुलूप लावतात. चावी मात्र एकालाही देत नाहीत. खरं सांगतो, त्या रुमालाची मला शिसारी येते.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधला. माझ्या कडेला दोन बटणं आहेत. वरचं दाबलं की लांब काटा धावू लागतो, पुन्हा दाबलं की जागच्या जागी थांबतो. शर्यतीची वेळ मोजायलाच मला घडवलं होतं. भिंगारच्या छावणीतल्या एका साहेबानं बदली होताना मला आमोस सरांना दिलं आणि माझं नशीब उघडलं. सर शाळेत खेळ शिकवायचे. तीस वर्षं मी त्यांच्या मनगटावर मैदानाची धूळ अंगावर घेतली.

सरांची एक रीत होती. शाळेचा विक्रम मोडणाऱ्या मुलापुढे ते माझी पाठ धरायचे आणि कर्कटकाच्या टोकानं तिथे एक रेघ ओढायला लावायचे.

"सर, घड्याळ खराब हुईल की," मुलं बिचकायची.

"हुऊ दे. पळताना तुझे गुडघे न्हाई फुटले?" सर म्हणायचे.

अशा सतरा रेघा झाल्या. शेवटची त्यांच्या मुलीची, एंजेलाची. रेघ ओढतानाही ती आनंदानं उड्या मारत होती, म्हणून रेघ वाकडी गेली.

पुढे सर थकले, मीही बंद पडलो. त्यांनी मला नगरच्या एका कारागिराकडे दुरुस्तीला टाकलं आणि त्याच आठवड्यात ते वारले. मला न्यायला कुणी आलं नाही. कारागिरानं मला चालू केलं खरं, पण दोन वर्षांनी आबासाहेबांना विकलं.

आबासाहेबांनी माझी पाठ पाहून नाक मुरडलं. "कुन्या येड्यानं खरडलंय," म्हणाले, आणि यंत्रावर घासून मला गुळगुळीत करून आणलं. सतराच्या सतरा रेघा भुकटी होऊन उडाल्या. गाढवाला गुळाची चव काय!

गेल्या महिन्यात एंजेला आली. सरांच्या कागदांत दुरुस्तीची पावती आत्ता कुठे सापडली, म्हणून कारागिराकडून पत्ता काढत आली होती. आता तिचेही केस पिकलेत. आबासाहेबांनी चहा मागवला आणि मोठ्या तोऱ्यात मला तिच्या हातात दिलं. तिनं मला उलटं केलं. पाठीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"आबासाहेब, ह्याच्यावर रेघा होत्या का हो? सतरा. शेवटची वाकडी. पप्पांची तेवढीच खूण राहिलीय."

आबासाहेबांचा कप ओठांशी थांबला.

"रेघा? न्हाई बा," ते म्हणाले. "हे पयल्यापासून असंच हाय."

मला त्या माणसाची किळस आली. ओरडावंसं वाटलं, पण चावीवाचून माझ्यात टिकटिकसुद्धा नव्हती. एंजेलानं मला क्षणभर कानाशी धरलं.

"मग हे आमचं नाही," ती म्हणाली आणि मला अलगद मखमलीवर ठेवून उठली.

ती फाटकाबाहेर पडायच्या आत आबासाहेबांनी रुमाल काढला आणि माझ्या पाठीवरचे तिच्या बोटांचे ठसे पुसले.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरची धूळ जरूर पुसा. पण ओरखडा दिसला तर हात आवरा, आणि तो कुणी ओढला ते आधी विचारा.