शेवटच्या ओळींचा डबा

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नऊशे बारा चिठ्ठ्या होत्या. चार कोऱ्या, अकरा चहा सांडून पुसट झालेल्या. उरलेल्या आठशे सत्त्याण्णव चिठ्ठ्यांवर बाबांनी एकेका विनोदाची फक्त शेवटची ओळ लिहिली होती, आणि तिच्याखाली दोन आकडे.

आकड्यांचा उलगडा सोपा होता. बाबा शिंपी. माप द्यायला उभं राहिलं की गिऱ्हाईक पोट आत ओढतं आणि मग पँट घट्ट झाली म्हणून शिंप्याच्या नावाने खडे फोडतं. म्हणून बाबा कमरेला टेप लावून विनोद सांगत. माणूस हसला की पोट सुटे, खरं माप मिळे. पहिला आकडा विनोदाआधीचा, दुसरा नंतरचा. दोन इंची विनोद त्यांनी रबर लावून वेगळे जपले होते.

पण सुरुवात? "ती काय लिहायची! ती डोक्यात असते," असं ते चाळीस वर्षं म्हणत आले. आता डॉक्टर म्हणत होते, डोक्यातलं हळूहळू जाणार. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला असलेल्या लेकीने तीन आठवड्यांची रजा टाकली, वही आखली आणि बसली. एकवीस दिवसांत पुरे विनोद जमले सतरा. उद्या कामावर हजर व्हायचं होतं.

"बाबा, ही बघा. 'मग खुर्चीच घेऊन जा!' कोण म्हणतो? कुणाला?"

बाबा खुदकन हसले. "झकास आहे हा."

"असेल. सुरुवात सांगा."

"मी हसलो ना? मग झालं तर."

"तुमचं हसणं वहीत कसं लिहू? कपाळ माझं!"

"अगदी माझ्या आईवर गेलीस. तीही अशीच हिशेब मागायची."

तिने वही आपटली.

"बसून कुठे आठवतं मला?" खिळ्यावरची टेप काढत बाबा म्हणाले. "उभी राहा."

"आता हे काय मधेच?"

"राहा गं बाई."

ती उभी राहिली, तोंड वाकडं करून. टेप कमरेभोवती आली.

"श्वास सोड."

"सोडलाय."

"थापाडी." बाबांनी आकडा पाहिला, आणि त्यांचा आवाज एकदम दुकानातला झाला. "एक गृहस्थ न्हाव्याच्या खुर्चीत बसले ते उठेचनात. दाढी झाली, केस झाले, डोक्याला मालिश झाली. न्हावी म्हणतो, साहेब, आता उरलंय काय? गृहस्थ म्हणतात, अरे, घरी पाहुणे आलेत. बसायला एक खुर्ची रिकामी नाही. तर न्हावी म्हणतो..."

बाबा थांबले. ओठ हलत राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"न्हावी म्हणतो," ती दातओठ खात म्हणाली, "मग खुर्चीच घेऊन जा!"

आधी सव्वाअठ्ठावीस. नंतर साडेएकोणतीस.