खुंट्याची घासलेली बॅट

बॅटमिस्त्रीचा रंधा गप्प असला की मिस्त्रीचं तोंड चालू असतं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. आज रंधा सकाळपासून गप्प होता आणि तोंड समोरच्या सलूनवाल्यावर सुटलं होतं.

"चार डाव! चार डावांत तुम्ही पोराला मोडीत काढलंत?"

"मी कुठं काढलं? पेपरवाले काढतायत," गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत सलूनवाला तिथूनच ओरडला. "गावच्या मैदानावर धावांचे ढीग घालणारे कितीतरी बघितले, मिस्त्री. देशाच्या संघात गेले की पाय लटपटतात. नऊ, चौदा, शून्य, अकरा! आता शनिवारचा सामना ही शेवटची संधी. नाही जमलं तर पोरगं कायमचं घरी."

मिस्त्रीने जमिनीवरचे दोन खिळे उचलून उगाच डबीत टाकले. जिव्हारी लागलं होतं. लागणारच! ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो खुंटा म्हणजे मिस्त्रीचा सख्खा भाचा. सहा वर्षांचा असताना तो एकदा खेळायला उभा राहिला की आउटच व्हायचा नाही. जमिनीत ठोकल्यासारखा उभा. बाकीच्या पोरांनी वैतागून त्याचं नावच खुंटा ठेवलं. त्याची पहिली बॅट मामाने केली आणि त्यानंतरची एकूण एक बॅटही मामानेच. आता तिच्यावर मोठ्या कंपनीचं स्टिकर असे, पण ते नुसतं वरून चिकटवलेलं. खालचं लाकूड मामाचं. ही गोष्ट अगदी गुप्त होती, म्हणजे मिस्त्रीने ती फक्त गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितली होती.

मिस्त्रीची ख्याती मात्र वेगळ्याच कारणासाठी होती. दुरुस्तीला आलेली बॅट तो आधी खिडकीशी नेई, तिच्यावरचे चेंडूचे लाल ठसे चार बोटांनी मोजी आणि खेळणाऱ्याची सगळी अंडीपिल्ली बाहेर काढी. "तू डोळे मिटून मारतोस." "तुला पाय पुढं टाकायचा कंटाळा आहे." माणसं बॅट दाखवायला यायची आणि कान पकडून जायची.

दुपारी खुंटाच दारात उभा राहिला. दोन सामन्यांच्या मधल्या सुट्टीत तीन दिवस घरी आला होता. खांद्यावर त्याच्याइतकीच लांब पिशवी.

"किती वाळलास रे!" मामीने पाण्याचा पेला पुढे केला.

"मामी, दोन किलो वाढलोय."

"मग उंच झाला असशील. डोळ्यांना वाळलेलाच दिसतोस."

"बॅट आण इकडं," मामा म्हणाला.

"कशाला? ठणठणीत आहे ती."

"ठणठणीत आहे की नाही ते मी सांगतो. आण."

खुंट्याने बॅट दिली आणि त्याला एकाएकी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये भलताच रस वाटायला लागला.

मिस्त्रीने बॅट खिडकीशी धरली. दोन सामने खेळलेली बॅट, आणि तिच्यावर ताज्या ठशाचा मागमूस नाही! त्याने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. खाली सगळीकडे तेल पिऊन पिवळं झालेलं लाकूड, आणि वर तळहाताएवढा तुकडा पांढराफटक.

"पॉलिश पेपर मारलास?"

"जरा साफ केली, मामा. घाण झाली होती."

"आणि घाण नेमकी एवढ्याच जागी होती का रे? तीस वर्षं लाकूड घासतोय मी. मला शिकवतोस?"

कॅलेंडरवाला तारखा मोजत राहिला. मिस्त्रीने बॅट उलटी केली आणि त्याचा हात थांबला. बॅटच्या पाठीला जो फुगवटा असतो, त्याला तो बॅटचं पोट म्हणे. पोटापाशी लाकूड जाड. चेंडू बरोबर त्याच्यासमोर लागला तर सुसाट सुटतो. गावच्या मैदानावर चेंडू नडगीच्या वर उठायची मारामार. म्हणून मिस्त्री पोट खाली ठेवायचा. भिंतीवर टांगलेला लाकडी फर्मा धरूनच तो तीस वर्षं प्रत्येक बॅट कापत आला होता. पण देशाच्या सामन्यांतल्या टणक खेळपट्ट्यांवर, त्या सहा फुटी गोलंदाजांपुढे, चेंडू कमरेपर्यंत उसळत होता आणि पोटाच्या तीन बोटं वर, पातळ लाकडावर, आदळत होता. तिथं कसला जीव? तिथून तो अलगद मागे उडायचा आणि कुणाच्यातरी हातात जाऊन बसायचा. नऊ, चौदा, शून्य, अकरा.

"जिथं घासलंस तिथंच चेंडू लागत होता," मिस्त्री हळूच म्हणाला. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या डावातच कळलं."

"मग दुसरी बॅट का नाही घेतलीस?"

खुंट्याने मान खाली घातली. "कप्तानाने दिलीय एक. आहे पिशवीत. पण मामा, तू सगळ्यांना सांगत असतोस, माझा भाचा माझ्याच बॅटने खेळतो म्हणून. मला वाटलं, हिच्यावरच कसंतरी जमवीन. आणि तू ठसे वाचशील म्हणून..."

"गाढवा!" मिस्त्री एवढ्या मोठ्याने ओरडला की समोरच्या सलूनवाल्याचा वस्तरा हवेतच राहिला. "देशासाठी खेळायला गेलास की मामाचं मन राखायला?"

ओरडून झालं आणि तो मटकन स्टुलावर बसला. त्याला पोराचा राग आला नव्हता, स्वतःची लाज वाटत होती. साऱ्या गावाच्या बॅटा खिडकीशी नेऊन वाचल्या आणि भाच्याची आजवर एकदाही वाचली नाही. का, तर ती आपल्या हातची. तिच्यात काय खोट असणार! आणि पोरगं बिचारं चार डाव शिव्या खात राहिलं, पण मामाच्या बॅटला बोल लावला नाही.

"अहो, बसून काय राहिलात?" मामी म्हणाली. "करा ना नवी."

"नवी करीन गं, पण तिला तेल पाजायचं, ठोकून ठोकून कणखर करायचं, त्याला पंधरवडा लागतो. सामना शनिवारी आहे." मिस्त्रीने लांब श्वास घेतला. "ती कप्तानाची काढ."

खुंट्याने टॉवेलात गुंडाळलेली बॅट काढली. मिस्त्रीने ती हातात तोलली, पाठीवरून बोट फिरवलं. पोट नेमकं तीन बोटं वर. कुणी केली होती कोण जाणे, पण करणाऱ्याला काम येत होतं.

"बरी आहे," तो म्हणाला.

"चांगली म्हणा की, जीभ झडणार नाही," मामी म्हणाली.

"चांगली आहे! झालं समाधान?"

त्याने तिच्या दांडीवरची ग्रिप काढली, घट्ट दोरा गुंडाळला आणि खुंट्याच्या तळव्याला लहानपणापासून सवय होती तशा एकावर एक दोन ग्रिपा चढवल्या. खुंट्याने ती धरली, जागच्या जागी दोनदा फिरवली आणि त्या चार डावांनंतर पहिल्यांदा मनापासून हसला.

शनिवारी मिस्त्री सलूनमधल्या टीव्हीसमोर बसला. दाढीला आलेले चारजण दाढी विसरून उभे. तिसराच चेंडू खुंट्याच्या बरगडीवर उसळून आला. मिस्त्रीने डोळे गच्च मिटले. टीव्हीतून आवाज आला, टक्! भरीव, गोड आवाज. डोळे उघडेपर्यंत चेंडू सीमेपार गेला होता.

"तुमचीच बॅट ना?" सलूनवाल्याने कौतुकाने विचारलं.

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो! जिभेवर आलंही होतं.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "माझी चुकीची होती. पोरगं चांगलंच होतं."

खुंटा शहाण्णववर बाद झाला. सलून हळहळलं आणि मिस्त्री एकटाच टाळ्या पिटत राहिला. "मी आधीपासून सांगत होतो, हा पोरगा टिकणार," सलूनवाला म्हणाला आणि कुणी त्याला अडवलं नाही.

आठवड्याने खुंटा आला तो परदेश दौऱ्याला निवड झाल्याचं पत्र नाचवतच. आल्या आल्या त्याने बॅट मामापुढे धरली. "वाच."

मिस्त्रीने ती खिडकीशी नेली. लाल ठशांची दाटी, सगळी बरोबर पोटासमोर. कडेला एकच ठसा भरकटलेला.

"हा शहाण्णवचा. घाई केलीस."

"केली," खुंटा म्हणाला. "मामा, दौऱ्याला तुझी बॅट पाहिजे."

मिस्त्रीने भिंतीकडे बोट केलं. जुना फर्मा खाली उतरला होता, त्या खिळ्याला नवा टांगला होता, आणि खाली टेकून उभी होती एक नवीकोरी बॅट, तेल पिऊन चमकणारी, पोट तीन बोटं वर. त्याने लाकडी हातोडा भाच्याच्या हातात ठेवला.

"बस, ठोकायला लाग. आणि एक लक्षात ठेव, घरातला पॉलिश पेपर मी कुलपात ठेवलाय."