शब्दकोशाच्या पाठीतली किल्ली

मी एक जुना मोबाइल आहे. काच तडकलेली, बॅटरी दुपारीच मान टाकते. बाइंडिंगच्या दुकानात, खळीच्या डब्याशेजारी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा. माझे डोके फिरले आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मीही चकचकीत होतो, पण खरे आयुष्य सुरू झाले बाइंडरबाईंच्या हातात. त्यांच्या सासऱ्यांनी पन्नास वर्षे पुस्तके बांधली. त्यांचे हात थरथरू लागायच्या आधी बाईंनी त्या हातांचे व्हिडिओ काढून घेतले. दोरा कसा ओवायचा, पाने कशी शिवायची, पुस्तकाची पाठ ठोकून गोल कशी करायची. एकशे बारा व्हिडिओ मी काढले! ते बघून कुठली कुठली माणसे पुस्तके बांधायला शिकली. मला फार अभिमान होता.

सुरुवातीला हे सारे एका बड्या कंपनीच्या साइटवर होते. एका सकाळी त्या कंपनीने बाईंचे खाते बंद केले. कारण काय, तर व्हिडिओत धारदार हत्यार दिसते म्हणे. अहो, बाइंडर पुठ्ठा काय दातांनी कापणार? दाद मागायला समोर माणूसच नव्हता. बाई म्हणाल्या, “बास झालं. आता एकाच मालकाच्या दारात उभं राहायचं नाही.”

मग आमचे व्हिडिओंचे बिऱ्हाड इंटरनेटवर फिरू लागले. पहिली जागा छोट्या छोट्या घरांची, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या छोट्या साइटची होती. प्रत्येक घर सांभाळणारा वेगळा, पण एका घरातून दुसऱ्या घरातल्यांशी बोलता येई. माणसे भली, आपुलकीने चौकशी करणारी. पण आमचे घर सांभाळणारे गृहस्थ नोकरी करून हा व्याप बघत होते. ते थकले आणि महिन्याची मुदत देऊन त्यांनी घर बंद केले. ओळखीची माणसे नव्या घरी नेता येत होती, व्हिडिओ मात्र नाहीत. दुसरी जागा चकाचक आणि सोपी. तुमचे नाव आणि खाते हवे तिथे घेऊन जा, असे तिथे सांगत. बघावे तर जवळजवळ सगळे एकाच कंपनीच्या इमारतीत, म्हणजे तिच्याच यंत्रांवर राहत होते. बाईंनी तिथून लगेच पाय काढला. तिसऱ्या जागी मालकच नव्हता. होती फक्त एक किल्ली, म्हणजे पासवर्डसारखी साठाहून जास्त अक्षरांची ओळ. ती तुमच्याजवळ आहे तोवर खाते तुमचे. हरवली तर नवी कोणी देणार नाही. बाईंना ही जागा आवडली आणि मलाही; माझ्यातले सगळे व्हिडिओ त्यांनी तिथे चढवले. दोघेही मूर्ख!

बाईंनी किल्लीची अक्षरे पेन्सिलीने जाड कागदाच्या पट्टीवर उतरवली आणि पट्टी कटिंग मशीनजवळ वजनाखाली ठेवली. आता बाइंडरच्या दुकानात वजनाखालची पट्टी म्हणजे पुस्तकाच्या पाठीला चिकटवायची पट्टी. सासऱ्यांनी कागदाचा कपटाही कधी वाया घालवलेला नाही. शिवण जमत नसली तरी खळ लावायचे काम ते करत. पट्टी गेली, आणि कोणाला पत्ताही लागला नाही.

दुसरी प्रत माझ्या पोटात होती. मी टेबलावरून पडलो. दुरुस्तीवाल्याने मला चालू केले आणि न विचारता आतले सगळे पुसून टाकले. वर म्हणाला, “एकदम नवा करून दिलाय!” त्याला कोणी नवा करायला सांगितले होते?

त्याच आठवड्यात एका भामट्याने आमचे व्हिडिओ उचलले. ‘माझ्या वडिलांचे हात’ असे लिहून तिथेच स्वतःची शिकवणी सुरू केली. लोकांनी वाहवा केली. बाईंनी नवे खाते काढून हे खोटे आहे म्हणून सांगितले, तर लोकांकडून उत्तर आले, “खऱ्या असाल तर जुन्या खात्यावरून बोला.”

बाईंनी वजन उचलून पाहिले. खाली काहीच नव्हते.

“बाबा, इथली पट्टी कुठाय?”

सासऱ्यांनी डोळे मिटून आठवले. “जाड होती ना? मग जाड पाठीलाच लावली असणार. वाचनालयाचा शब्दकोश.” मग हळूच म्हणाले, “सूनबाई, माझ्यामुळे झालं का गं काही?”

वाचनालयात ग्रंथपाल ओरडलेच. “आठ दिवसांपूर्वी बांधलाय आणि आज फाडायचा? शुद्धीवर आहात ना?”

“पाठ मी चिकटवलीय, मीच फाडतो. आणि इथेच बसून परत बांधून देतो,” सासरे म्हणाले. पन्नास वर्षांत त्यांनी एक पान फाडले नव्हते. त्यांनी ओल्या फडक्याने खळ भिजवली आणि पट्टी सोलून काढली. पेन्सिलीची अक्षरे शाबूत होती.

बाईंनी तिथेच जुने खाते उघडले. सासरे शब्दकोश शिवायला बसले आणि मी व्हिडिओ काढला. सुई तीनदा चुकली, चौथ्यांदा भोकात गेली. डाव्या अंगठ्याचे चपटे नख तेच, एकशे बारा व्हिडिओंतले. बाईंनी खाली लिहिले, ‘हे हात माझ्या सासऱ्यांचे आहेत.’

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी विचारले, “बघितलं का गं लोकांनी?”

“बघितलं ना बाबा. खूप जणांनी.”

अकरा जणांनी! भामट्याच्या मागे नऊ हजार. जागेला मालक नाही, म्हणून त्याला हाकलणाराही कोणी नाही.

मित्रांनो, किल्ली जपा, मोबाइल जपा, जागा पारखून घ्या, हे तर सांगतोच. पण जागा कोणतीही घ्या, तिथे बसून टाळ्या वाजवणारे तुम्हीच असता. त्या नऊ हजारांतल्या एकालाही विचारावेसे वाटले नाही, हे हात नक्की कोणाचे? तुम्ही तरी विचारा. सासरे रोज सकाळी आकडा विचारतात, आणि बाईंना रोज खोटे बोलावे लागते.