मॉनिटरवरचा डाग

ताईचा मॉनिटर सकाळपासून लुकलुकत होता आणि मधूनच काळाठिक्कर पडत होता. ताई म्हणजे एक्स-रे वाचणारी डॉक्टर. तीन दवाखाने तिला फोटो पाठवत, आणि मागच्या खोलीत बसून ती कुणाच्या छातीत काय आहे ते लिहून देई. पडदाच आंधळा झाल्यावर तिने वाचावं काय? दुपारी तिने भावाला बोलावलं.

भाऊ टीव्ही-मॉनिटर दुरुस्त करणारा. लहानपणी असा गुबगुबीत, की घरात त्याला भोपळ्या म्हणत. चाळिशी आली तरी नाव सुटलं नव्हतं. आता मात्र ते नाव त्याला सैल व्हायला लागलं होतं. जिना चढून आला तोच खोकत. दाराला टेकून त्याने पट्टा वर ओढला, तेव्हा पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक ताईला दिसलं.

"अजून आहे खोकला? चार महिने झाले की रे!"

"तूच लिहून दिलंस ना, छाती स्वच्छ? धुळीतला धंदा म्हटल्यावर खोकला यायचाच. मरतोय थोडाच!"

लिहून दिलं होतं, हे खरं. त्या कागदाच्या जोरावर तो पुन्हा डॉक्टरकडे फिरकला नव्हता. ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण तिने तिला हाकलून लावलं.

भोपळ्याचा कामाचा क्रम ठरलेला. आधी पॉइंट, मग वायर, मग मॉनिटरला शिव्या. पॉइंट बदलला, लुकलुक तशीच. वायर हलवली, पडदा काळा. पिशवीतून दुसरी वायर काढून जोडली आणि चित्र गपगुमान स्थिर झालं.

"एक पिन वाकलीय. एवढ्यासाठी घर डोक्यावर घेतलंस!"

त्याने जाता जाता पडदा पुसायला घेतला आणि त्याचा हात थांबला. वर डाव्या कोपऱ्याकडे अंगठ्याएवढा करडा डाग होता. पुसून जात नव्हता.

"हा कधीचा?"

"वर्ष झालं. साफ करताना पडदा जोरात दाबला गेला. असू दे."

"असू दे? लोकांची फुप्फुसं बघतेस ना यावर?"

मॉनिटर बदलायला हवा, हे ताईला कळत नव्हतं असं नाही. आज-उद्या करत तिने वर्ष काढलं होतं, आणि एवढ्या शिकल्या-सवरलेल्या बाईला हे शोभत नव्हतं. डागावर तिचा एक उपाय होता. कुठलाही फोटो उघडला की आधी तो चार बोटं बाजूला सरकवायचा, म्हणजे डागाखालचं दिसतं. हाताला वळणच पडलं होतं.

"मी प्रत्येक फोटो सरकवते," ती म्हणाली. "एकदाही चुकले नाही..."

वाक्य तिथेच अडकलं. भोपळ्याचा फोटो आला त्या दिवशी तो स्वतः खुर्चीमागे उभा होता. "हृदय सापडलं का गं? बायको म्हणते, मला नाहीच!" ताई खळखळून हसली होती आणि हसता हसता तिने 'स्वच्छ' असं लिहून टाकलं होतं. तो फोटो सरकवला होता का? किती आठवलं तरी आठवेना.

"बघूया, डाग कुणाचा ते," भोपळ्या म्हणाला. "फोटो लाव आणि सरकव. डाग जागचा हलला नाही तर पडद्याचा. फोटोबरोबर चालू लागला तर फोटोतला. आणि परक्या माणसाचा नको, माझाच लाव. लोकांचं आतलं मी कशाला बघू?"

"आधी चहा टाकते."

"चहा कुठे पळून जातोय? लाव!"

तिने लावला. भोपळ्याच्या बरगड्या पडद्यावर आल्या आणि डाग बरोबर त्यांच्यावर बसला. डाग एकच होता. ताईला उगीच धीर आला. तिने माऊस धरला आणि फोटो चार बोटं सरकवला.

डाग जागेवरच राहिला.

"म्हटलं नव्हतं? पडद्याचाच..." भोपळ्या बोलायचा थांबला. करड्या डागाखालून दुसरा, पांढुरका, जरासा लहान डाग बाहेर आला होता. तो फोटोबरोबर सरकला होता.

ताईने फोटो मागे नेला. पांढरा डाग गुडूप झाला. पुढे आणला, पुन्हा उगवला. तिने तिसऱ्यांदा तेच केलं, मग भोपळ्याने तिच्या हातावर हात ठेवला.

"त्या दिवशी सरकवला नव्हतास?"

"नाही." ताईला रडू फुटलं. "माझ्या हातून राहिलं रे. चार महिने! चप्पल घाल, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जायचंय."

वाकलेल्या पिनची वायर गुंडाळून भोपळ्याने पिशवीत टाकली. तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली, तशी त्याने घाईने तिच्याकडे पाठ केली आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.